वाहनक्रमांकाचे शुल्क आणि झाडीपट्टीचे नाटक

कलेच्या पोषणासाठी वाहनांच्या क्रमांकपट्ट्यांतून पैसा उभा करण्याची पद्धत अमेरिकेतील अनेक राज्यांत रूढ आहे. कॅलिफोर्नियाने १९९४ साली चित्रकार वेन थीबो यांच्या चित्राची पट्टी विक्रीस काढली. ती घेणारा वाहनधारक जे जादा शुल्क भरतो, त्याचा वाटा राज्याच्या कलामंडळाकडे जातो. शुल्क स्वेच्छेचे असते व त्याचा विनियोग आधीच ठरलेला असतो, हे या योजनेचे मर्म होय.

भंडारा जिल्ह्यात अशी पट्टी निघणे शक्य नाही. २०१९ च्या १ एप्रिलपासून नव्या वाहनांस सर्वत्र एकाच नमुन्याची उच्च सुरक्षा पट्टी सक्तीची आहे. तीवर चित्रास जागा नाही. तथापि स्वेच्छेचे शुल्क येथेही आहेच. एमएच-३६ या मालिकेतील ०००१ हा क्रमांक चारचाकीसाठी हवा असल्यास २०२४ च्या दरवाढीनंतर ५ लाख रुपये पडतात. ही रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत मिसळते आणि पुढे तिचा माग राहत नाही. म्हणजे हौसेचे मोल घेण्याची व्यवस्था आहे, कलेकडे जाणारी वाट तेवढी नाही.

मग या जिल्ह्यातील रंगभूमी जगते कशावर? पूर्व विदर्भातील चारही जिल्ह्यांत पसरलेली झाडीपट्टीची रंगभूमी मुख्यतः तिकिटावर जगते. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. गावातील मंडळ देसाईगंज (वडसा) येथील एखाद्या नाट्यसंस्थेशी प्रयोगाचा सौदा करते, मंडप घालते, तिकिटे विकते, नफातोटा मंडळाचा. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटास वस्तू व सेवा कर लागत नाही, ही शासनाची अप्रत्यक्ष मदतच म्हणावयाची.

परंतु तिकीट खपण्यास गर्दी लागते, व गर्दीस निमित्त. ते निमित्त पुष्कळ गावांत शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे असे. दिवसा पट, रात्री नाटक; पाहुणे दोहोंसाठी मुक्कामास येत. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा नाटकाचा कोणताही दोष नसता त्याचा एक आधार गेला. राज्यात शर्यतींस पुन्हा अनुमती मिळाली ती २०२१ च्या डिसेंबरात, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. साडेसात वर्षांचे हे अंतर एखाद्या मंडळाची घडी विसकटण्यास पुरेसे आहे.

येथे शब्दांचा भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ‘शुल्क’ देणारा अनामिक असतो. ‘वर्गणी’ देणारा गावाला ठाऊक असतो, आणि नाटक पडले तर जाबही तोच विचारतो. कॅलिफोर्नियाच्या पट्टीचा पैसा मंडळाच्या निकषांतून कलावंतापर्यंत पोहोचतो. झाडीपट्टीत प्रेक्षक स्वतःच निकष असतो. या दुसऱ्या व्यवस्थेत नटास स्वातंत्र्य अधिक असते असे मात्र नव्हे. प्रेक्षकास लावणी हवी असेल तर ती गंभीर कौटुंबिक नाटकातही घालावी लागते.

तेव्हा निश्चित निधीची खरी निकड नाटकास नसून दंडारीस आहे. शेतकरी-मजुरांनी हंगामानंतर उभी केलेली ही नृत्यनाट्यपरंपरा मंडईच्या दिवशी उघड्यावर होते. तिला मंडप नाही आणि दारावर तिकीट घेणाराही कोणी नाही. बिदागी प्रेक्षक देतील ती.