बाळाचे लोकरीचे पांघरूण

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, की आईच्या हातांना चैन पडत नाही. जुन्या लुगड्याची दुपटी शिवून होतात. मग वाटते, एक पांघरूण लोकरीचेही विणावे. क्रोशाची सुई येते, लोकर येते. पण आठ दिवसांनी पाहावे, तर पांघरुणाचे झालेले असते सूप! एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. बाई म्हणते, "माझ्या हाताला हे जमायचं नाही."

बायांनो, दोष हाताचा नसतो, मोजणीचा असतो.

धागा फासातून ओढला, की एक साखळी होते. साखळ्यांच्या पायावर खांब उभे करायचे. सुईवर एक वेढा घ्यावा. सुई साखळीत घालून धागा वर ओढावा. सुईवर तीन फास होतात. ते दोन-दोन करून सोडवले, की झाला खांब. साखळ्या घट्ट ओढू नयेत, नाहीतर खालची कड आवळते.

आधी लहान नमुना विणून मोजावा. समजा, ४ इंचांत १६ खांब बसले. म्हणजे इंचाला ४. पांघरूण ३० इंच रुंद हवे, तर १२० खांब लागतील. त्यासाठी १२२ साखळ्या घालाव्यात आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब विणावा. सुटलेल्या ३ साखळ्या मिळून एक खांब धरतात.

ओळ संपली, की ३ साखळ्या घालून काम उलटवावे. याही ३ साखळ्या म्हणजे नव्या ओळीचा पहिला खांब. नवशिकी बाई चुकते ती इथेच. परत येताना या साखळ्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालायचा राहून जातो. दर ओळीला एक खांब कमी होतो. १० ओळींत १० खांब, म्हणजे अडीच इंच रुंदी गेली!

उपाय सोपा आहे. त्या माथ्यात रंगीत दोरा अडकवावा. प्रत्येक ओळीचे खांब मोजून आकडा वहीत लिहावा. आता आपल्याला लिहिता येते ना? चूक दिसली तर उसवावे. लोकर कुठे जात नाही.

बाळासाठी मऊ लोकर घ्यावी, वीण दाट ठेवावी. धाग्याची टोके आत ओवून पक्की करावी. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला, तर रक्त अडते आणि बोटाला इजा होते. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपेत सैल पांघरूण ठेवू नये, असे डॉक्टर सांगतात. ते तोंडावर आले, तर श्वास कोंडतो. बाळ जागे असताना, मांडीवर घेऊन, हे पांघरूण खुशाल लपेटावे.