आपत्काळची करवत आणि तिची निगा

यंत्र वापरानें झिजतें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु संकटकाळीं उपयोगी पडावीं म्हणून घेतलेलीं यंत्रें बहुधा झिजून बिघडत नाहींत. तीं पडून राहून बिघडतात. पेट्रोलवर चालणारी करवत हें याचें ठळक उदाहरण होय. ही करवत दोन प्रकारची असते : लाकडासाठीं दांतेरी साखळीची, आणि लोखंड वा काँक्रीट कापण्यासाठीं गोल चकतीची. पहिली आज कित्येक शेतकरी कुटुंबांच्या वाड्यांतही दिसते. दुसरी अग्निशामक दलाकडे व बचाव पथकांकडे असते. तिचें खरें काम वर्षांतून एखाद्याच दिवशीं पडतें. पण त्या दिवशीं तिनें दोन-चार ओढींत सुरू झालें पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्याला असे दिवस नवे नाहींत. 28 सप्टेंबर 2021 रोजीं उमरखेड तालुक्यांत दहागांवच्या नाल्याला आलेल्या पुरांत एस. टी. ची बस वाहून गेली आणि प्राणहानी झाली. जुलै 2023 मध्यें महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांड्याला पुराचा वेढा पडला, तेव्हां लोकांच्या सुटकेसाठीं हवाई दलाचीं हेलिकॉप्टरें मागविण्यांत आलीं. अशा वेळीं वाटेवर आडवें पडलेलें एखादें झाड रुग्णवाहिकेचाही मार्ग रोखूं शकतें. सरकारी पथक येईपर्यंत हाताशीं असतो तो शेजारी. आणि त्याच्या करवतीनें तेव्हांच दगा दिला, तर गेलेला अर्धा तास कोणाच्या जिवावर बेतेल हें सांगतां येत नाहीं.

दग्याचें पहिलें कारण इंधन. या करवतीचें इंजिन टू-स्ट्रोक असतें. त्याचें वंगण पेट्रोलांतच मिसळावें लागतें. पुष्कळशा नव्या यंत्रांस 50 भाग पेट्रोलास 1 भाग टू-स्ट्रोक तेल, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, हें प्रमाण चालतें. तथापि यंत्रासोबतच्या पुस्तिकेंतील प्रमाणच अंतिम मानावें. अलीकडे पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलांत 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. पावसाळ्यांत असें मिश्रण फार दिवस राहिलें कीं पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशीं बसतें. टाकींतील नळी नेमकें तेंच प्रथम ओढते. त्यांत पुरेसें वंगण नसल्यामुळें इंजिन एक तर सुरूच होत नाहीं, किंवा सुरू होऊन आंतून खरवडलें जातें. शिवाय जुन्या पेट्रोलचा चिकट गाळ कार्बुरेटरचीं सूक्ष्म छिद्रें बुजवितो.

यास्तव मिश्रण एका महिन्यापुरतेंच करावें व डब्यावर तारखेची चिठ्ठी लावावी. घरची करवत दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. बचाव पथकाची गोष्ट वेगळी. तेथें टाकी ताज्या इंधनानें भरलेली ठेवून, ठरलेल्या वारीं करवत नियमानें सुरू करून पाहिली पाहिजे.

आतां साठवणीविषयीं. यवतमाळच्या मे महिन्यांत पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. म्हणून डबा काठोकाठ भरूं नये व पत्र्याच्या तापल्या छपराखालीं ठेवूं नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरत देवघरांतील समईपर्यंत किंवा स्वयंपाकघरांतील शेगडीपर्यंत पोहोंचूं शकते. तेव्हां इंधनाची जागा घराबाहेर, सावलींत व कुलपांत असावी. पाण्याच्या बाटलींत पेट्रोल कदापि भरूं नये. लहान मुलें तें पाणी समजून पितात. गरम इंजिनांत इंधन ओतूं नये, हें तर सांगावयासच नको.

साखळी काम संपतांच सैल करावी, कारण तापलेली साखळी निवतांना आखडते व पट्टीवर ताण आणते. दांतांना गोल कानशीनें धार द्यावी, पट्टी अधूनमधून उलटी करून बसवावी, हवेची जाळी झटकून साफ करावी, आणि पात्यावर झांकण घालावें. गोल चकतीची करवत असेल तर अधिक सावध असावें. घर्षणाच्या चकत्या राळेनें सांधलेल्या असतात; ओल व पेट्रोलची वाफ यांनीं ती पकड कमजोर होते, आणि प्रचंड वेगानें फिरणारी चकती फुटून चालविणाऱ्यावरच उडते. म्हणून चकत्या कोरड्या जागीं, सपाट आणि इंधनापासून दूर ठेवाव्या. त्यांच्या मधल्या कड्यावर छापलेली मुदत उलटली असेल किंवा बारीक चीर दिसली, तर ती चकती मोडून टाकावी.

एवढें सर्व ठाऊक असूनही करवत बिघडते, त्याचें कारण आमच्या मतें यंत्रांत नसून घरांत आहे. एकत्र कुटुंबांत जी वस्तू सर्वांची, ती कोणाचीच नसते. थोरल्याला वाटतें धाकट्यानें पाहिलें असेल, धाकट्याला वाटतें गड्यानें. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागूं नये म्हणून घरांतील वडील स्त्री जितकी जागरूक असते, तितकी जागरूकता एकाही पुरुषानें करवतीविषयीं दाखविल्याचें क्वचितच आढळतें ! यावर उपाय साधा आहे. हिशेबाच्या वहींत एक पान करवतीचें असावें. त्यावर जबाबदार व्यक्तीचें नांव, इंधनाची तारीख आणि प्रत्येक चाचणीची नोंद असावी. पुरुषमंडळी नोकरीनिमित्त परगांवीं असतात. म्हणून घरांतील सुना-मुलींनाही करवत सुरू करणें व बंद करणें शिकवावें. मृगापूर्वीं एकदां जाणत्या कारागिराकडून ती तपासून घ्यावी.

शेवटीं एक इशारा. पडलेल्या झाडांत विजेची तार अडकली असल्यास, पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही करवत लावूं नये. आणि डोळ्यांवर चष्मा, कानांवर रक्षक, हातांत मोजे व पायांत भक्कम बूट असल्याखेरीज दोरी ओढूं नये. दुसऱ्याचा जीव वाचविण्यास निघालेल्यानें प्रथम आपला जीव सांभाळणें हें कर्तव्यच होय. पाऊस तोंडावर आला आहे कीं नाहीं याची वाट न पाहतां, वाचकांनीं या आठवड्यांतच आपल्या करवतीची दोरी ओढून पाहावी.