जुनी इमारत घेताना

व्यापारी बंधूंनो, कापडाचा तागा घेताना आपण घडी उलगडून पाहतो. इमारत मात्र रंग पाहून घेतो! भिवंडीत जुने मकान घेऊन वर एक मजला चढवावा, भाडे खावे, असा माझा बेत होता. आर्किटेक्टने प्रथम मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र मागितले, मग भिंती तपासल्या. म्हणाले, "सारे वजन विटांच्या भिंतींवर आहे. मजला वाढवू नका, गाळा मोठा करायला भिंतही पाडू नका. आधी गळती थांबवा, गिलावा नंतर." मी बेत सोडला. २०२० साली भिवंडीतच जिलानी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. ३० वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचे आहे. भाडे कमी मिळो. भाडेकरूचा जीव आपल्याकडे अमानत आहे.