भूत दिसलं, पब्लिक हसलं! ‘मुंज्या’ घरी येईपर्यंत विसरतो आणि ‘भ्रमयुगम’ डोक्यातून जात नाही, असं का?

हॉरर बघणाऱ्या माणसाला सगळे मित्र एकच प्रश्न विचारतात. “घाबरवतो का रे?” गोष्ट काय आहे, काम कोणी चांगलं केलंय, गाणी कशी आहेत, कशाशी देणंघेणं नाही. घाबरवतो का, तेवढं सांग. आणि गेल्या काही वर्षांत नेमकं याच प्रश्नाचं उत्तर देताना माझी पंचाईत व्हायला लागलीये.

कमाई बघितली, तर भुतांना इतके चांगले दिवस कधीच आले नव्हते. एकट्या २०२४ मध्ये बघा. मार्चमध्ये ‘शैतान’, जूनमध्ये ‘मुंज्या’, १५ ऑगस्टला ‘स्त्री २’, दिवाळीत ‘भूल भुलैया ३’. चारही चालले. ‘स्त्री २’ तर त्या वर्षी मूळ हिंदीत बनलेल्या पिक्चरमध्ये कमाईत पहिला आला. म्हणजे शाहरुख-सलमान नाहीत, मुंडकं नसलेला सरकटा आहे, आणि तरी थेटर फुल्ल.

आता खरं सांगा. यातला कुठला पिक्चर बघून आल्यावर रात्री पाणी प्यायला उठताना पॅसेजमधला लाइट लावावासा वाटला? मला ‘शैतान’चा पहिला अर्धा तास सोडला तर एकदाही नाही. ‘मुंज्या’ला माझ्या शेजारी सात-आठ वर्षांचा एक मुलगा बसला होता. मुंज्या पडद्यावर आला की तो खुर्चीत उड्या मारत टाळ्या वाजवायचा. पोराला मजा आली याचं वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण लहानपणी गावाकडे ज्या पिंपळाखालून संध्याकाळी जायचं नाही असं बजावलेलं असायचं, त्या पिंपळावरच्या भुताचं हे झालंय!

हे असं का होतं, ते समजून घेऊ. (पुढे काही पिक्चरची गोष्ट थोडी फुटणार आहे. बघायचे राहिले असतील तर जपून वाचा.)

आधी एक घोळ मिटवू. दचकणं वेगळं आणि भीती वाटणं वेगळं. मागून कोणी जोरात “भॉक” केलं की आपण दचकतो. त्यात विचार नसतो, शरीर आपोआप उडतं. पिक्चरवाल्यांनी हे फार पूर्वीच ओळखलं. १९४२ मध्ये ‘कॅट पीपल’ नावाचा अमेरिकन पिक्चर आला होता. त्यात एक बाई रात्री सुनसान रस्त्यानं चाललेली असते आणि तिच्यामागे कोणाची तरी पावलं वाजत असतात. मग ती पावलं बंद होतात. ती थांबते, आपणही श्वास रोखतो आणि तेवढ्यात बाजूनं फस्स असा मोठा आवाज करत एक बस येऊन उभी राहते. बस्स, एवढंच. भूत नाही, वाघ नाही, साधी बस. त्या पिक्चरचे निर्माते व्हॅल ल्युटन. त्यांच्यावरून या युक्तीला आजही ‘ल्युटन बस’ म्हणतात.

आज युट्यूबवर जे ‘जंप स्केअर’ म्हणून फिरतं ते याच बसचं खानदान. पण त्या सीनमधली भीती बसच्या आवाजात नाहीये. आवाजानं ती फुटते. साठते ती आधीच्या मिनिटभरात, पावलं ऐकताना. आपल्याकडच्या बऱ्याच पिक्चरवाल्यांनी बसचा हॉर्न तेवढा घेतला आणि पावलं गाळली. शांतता, मग ढॅण् असा आवाज, मग लगेच कोणीतरी विनोद करतो. दचकल्यावर हसू सुटतंच, ते स्वाभाविक आहे. पण हसलं की साठलेलं सगळं निघून जातं आणि पुढच्या सीनला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. हॉरर-कॉमेडीत हे दर पाच मिनिटांनी होतं. कुकरची शिट्टी सारखी उचलत राहिलात तर डाळ कधी शिजणार?

पण माझी खरी तक्रार विनोदावर नाही.

‘मुंज्या’ पुन्हा आठवा. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे आपल्या ‘झोंबिवली’चेच. सुरुवातीचा १९५२ मधला कोकणातला भाग मला आजही आवडतो. गोट्या नावाचा मुलगा. त्याच्यापेक्षा वयानं मोठ्या मुन्नीवर त्याचा जीव जडलेला. घरचे मारूनमुटकून त्याची मुंज लावतात, मुन्नीचं लग्न दुसरीकडे होतं आणि हा पोरगा सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला तिला जंगलात घेऊन जातो. त्या झटापटीत स्वतःच मरतो. मुंज झाली पण लग्नाआधीच मुलगा गेला, तर त्याचा मुंज्या होऊन तो पिंपळावर राहतो, ही आपल्याकडची समजूत. ती इथं नीट वापरलीये. लहान मुलाचा हट्ट आणि त्यातला क्रूरपणा. अंगावर काटा येतो.

मग गोष्ट आजच्या काळात येते आणि मुंज्या म्हणजे संगणकावर बनवलेला, दात विचकणारा, कार्टूनसारखा एक प्राणी होऊन जातो. तो सतत दिसतो आणि सतत बोलतो. काही वेळानं त्याची सवय होते. ज्याची सवय झाली त्याची कसली भीती!

त्यात भर म्हणजे ‘युनिव्हर्स’. ‘स्त्री’, ‘भेडिया’, ‘मुंज्या’, ‘स्त्री २’ हे सगळे मॅडॉक फिल्म्सच्या एकाच जगातले पिक्चर. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी पुढच्या आठ पिक्चरची यादीच जाहीर केली, थेट २०२८ पर्यंतची. त्यात ‘स्त्री ३’ आहे, ‘भेडिया २’ आहे, ‘महामुंज्या’सुद्धा आहे. धंदा म्हणून हुशारी आहे, मान्य. पण प्रेक्षक म्हणून माझ्या हातात काय आलं? पुढच्या तीन वर्षांत कोण जिवंत राहणार याचं वेळापत्रक. विकी चंदेरीच्या गल्लीत एकटा सापडला तरी मला माहीत आहे की त्याचं काही वाकडं होणार नाही, त्याची पुढची तारीख लागलेली आहे. सरकटा कितीही मोठा करा, त्याला कोणाचं काही नेता येत नाही. आणि ज्या भुताला आपलं काही नेता येत नाही, त्याला भ्यायचं कशाला?

माझ्या मते सगळी भानगड इथं आहे. भुताचा चेहरा किती भयंकर आहे यावर भीती ठरत नाही. समोरच्या माणसाचं काय जाणार आहे आणि गेलं तर ते परत मिळणार आहे का, यावर ठरते.

‘भ्रमयुगम’ बघा म्हणजे पटेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला, राहुल सदाशिवन यांचा मल्याळम पिक्चर. पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट. काळ सतराव्या शतकातला, जागा मलबार. देवन नावाचा गाणारा माणूस, खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला, जीव वाचवून जंगलातून पळताना एका पडक्या वाड्यात येतो. वाड्याचा मालक कोडुमण पोट्टी, म्हणजे ममूटी. सोबत एक स्वयंपाकी. मुख्य माणसं एवढीच. मालक त्याला जेवायला घालतो, गाणं ऐकतो, राहायला जागा देतो. इतका मोठा माणूस आपल्याला इतका मान देतोय म्हणून देवन हरखून जातो.

मग मालक त्याला फाशांचा डाव खेळायला बसवतो. देवन म्हणतो, माझ्याकडे लावायला काहीच नाही. मालक म्हणतो, तुझा वेळ लाव.

या एका सीननं माझी झोप घालवली होती. ना किंचाळी, ना पांढरी साडी, ना वरून पडणारी पाल. एक माणूस निवांत बसून दुसऱ्याचं आयुष्य मागतोय आणि दुसऱ्याला नाही म्हणायची सोय नाही, कारण त्याचं मीठ खाल्लंय. देवन हरतो. त्यानंतर वाड्याबाहेर पाऊस कोसळत राहतो, दार समोर दिसत असतं आणि जाता येत नाही. सावकाराच्या, जमीनदाराच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांच्या गोष्टी आपल्याकडे काय कमी आहेत? तीच ही गोष्ट, फक्त मालक माणूस आहे की नाही याचा भरवसा नाही. या कामासाठी ममूटींना केरळ सरकारचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पिक्चरमध्ये ते बहुतेक वेळ नुसते बसलेले असतात, एवढं फक्त लक्षात घ्या.

याच दिग्दर्शकाचा ‘भूतकालम’ (२०२२) त्याहून साधा आहे. आजी गेल्यावर घरात उरलेले आई आणि मुलगा. आईला डिप्रेशन, मुलाला नोकरी नाही. घरात काहीतरी आहे असं मुलगा म्हणतो तर आईला वाटतं याचं डोकं बिघडलं. पिक्चर बराच पुढे जाईपर्यंत भूत आहे की नाही तेच कळत नाही. भूत खरं निघालं तर बरं, निदान पोरगं वेडं नाही, असं वाटायला लागतं! हे फार अवघड काम आहे.

“पण आपल्या पब्लिकला असलं संथ चालत नाही,” असं कोणी म्हणालं की मी ‘तुंबाड’ काढतो. राही अनिल बर्वे यांचा हा पिक्चर ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा थेटरात फार चालला नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला तोच पिक्चर पुन्हा लावला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. तेव्हा ‘स्त्री २’ची हवा होती. मधल्या सहा वर्षांत लोकांनी मोबाईलवर बघून, एकमेकांना सांगून त्याला मोठं केलं होतं.

‘तुंबाड’ घाबरवतो कारण त्यात नियम स्पष्ट आहेत. हस्तरला सोनं मिळालं पण अन्न नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. पिठाची बाहुली टाकली की तो तिच्यावर तुटून पडतो. तो खातोय तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या आणि दोर धरून वर यायचं. पिठाच्या रिंगणात असलात तर सुरक्षित. एवढं कळलं की आपणही मनात सेकंद मोजायला लागतो. भूत काहीही करू शकत असेल तर बघणाऱ्याला मोजायला काही उरत नाही. इथं उरतं. आणि शेवटी बापलेकाची हाव वाढते तेव्हा तोच नियम त्यांच्यावर उलटतो. बाहेरून कोणी शिक्षा करायला येत नाही.

या पिक्चरमधली साखळदंडातली आजी आठवत असेल. ती नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेवरून आली आणि धारपांची कथा स्टीफन किंगच्या कथेवरून. मेकअपखाली कोण होतं माहितीये? मोहम्मद समद, जो पुढे विनायकच्या मुलाचं, पांडुरंगचं काम करतो, तोच पोरगा.

आता ‘शैतान’. पहिला अर्धा तास चांगला, असं मी वर म्हणालो. हा ‘वश’ (२०२३) या गुजराती पिक्चरचा रिमेक. अनोळखी माणूस मुलीला काहीतरी खायला घालतो आणि त्यानंतर तो सांगेल ते ती करत जाते. आईबाप समोर उभे, हात बांधल्यासारखे. दोन्हीकडे मुलीचं काम जानकी बोडीवालानंच केलंय आणि गुजरातीतल्या कामासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. हिंदीत अडचण अशी झाली की बाप अजय देवगण आहे. आपल्याला आतून ठाऊक असतं, हा शेवटी उठणार. आणि तो उठतो. तिकडे गुजरातीत २०२५ मध्ये ‘वश लेव्हल २’ आला आणि त्याची सुरुवातच अशी की बारा वर्षं झाली तरी मुलगी सुटलेलीच नाही. दुसरा भाग काढूनही भीती कशी राखायची, ते यातून शिकावं.

आणि विनोदाला माझा विरोध नाही, असं का म्हणालो? २०२५ चा अमेरिकन ‘वेपन्स’ बघा. एका वर्गातली सतरा मुलं मध्यरात्री २ वाजून १७ मिनिटांनी घरातून उठून अंधारात पळत जातात. पुढे काही ठिकाणी थेटर खदखदून हसत होतं, मीही हसलो. पण मुलं गेलीयेत, हे पिक्चर एक क्षणही विसरत नाही. त्यामुळे हसून झाल्यावर पुन्हा पोटात गोळा येतो.

मराठीत हे जमत नाही असं अजिबात नाही. विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) बघितला नसेल तर यादीत आधी तोच टाका. गरोदर पूजा सावंत, उसाच्या शेतातलं घर आणि प्रेमानं खाऊपिऊ घालणारी उषा नाईक. चारी बाजूंना ऊस, कुठूनही पळालं तरी पुन्हा तिथंच. हिंदीत त्याचा ‘छोरी’ झाला, त्याचाही दुसरा भाग आला. रात्री बघणार असाल तर हेडफोन लावा. उसाची पानं एकमेकांवर घासल्याचा आवाज मोबाईलच्या स्पीकरवर नीट ऐकू येत नाही.