भूकंपांच्या यादीतून वाट काढताना

कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. दीडशेहून अधिक माणसे त्यात दगावली. परंतु भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ११ तारखेखाली त्याचा शोध करणाऱ्यास तो सापडत नाही. तो असतो १० डिसेंबरच्या खाली, २२ वाजून ५१ मिनिटांच्या ओळीत. किल्लारीचेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३ ची ती भयंकर पहाट यादीत २९ सप्टेंबरला नोंदलेली आहे. या याद्या जागतिक प्रमाणवेळेने लिहितात आणि ती वेळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. यादीत शिरणाऱ्याने हा हिशेब आधी पक्का करावा.

भूकंपमापक रात्रंदिवस नोंद करीत असतो. वारा, वाहने, समुद्राच्या लाटा, सारेच त्यात उमटते. संगणक गेल्या एखाद्या सेकंदाच्या हालचालीची सरासरी त्याआधीच्या अर्ध्या-एक मिनिटाच्या सरासरीशी ताडून पाहतो. हे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले, आणि अनेक केंद्रांवर जवळजवळ एकाच वेळी गेले, की यादीत एक ओळ वाढते. संगणकाचे हे काम पहारेकऱ्याचे आहे. दारी कोणी आले एवढे तो सांगतो. आलेला कोण, हे घरच्या माणसाने पाहावयाचे असते.

नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठात वाढलेल्या 'सायसॅन' या आज्ञावलीत हे पाहणे सोपे केले आहे. महिन्याच्या घटना क्रमांकाने मांडलेल्या असतात. एन्टरची कळ दाबली की पुढची घटना, 'बी' अक्षराने मागची, क्रमांक लिहिला तर थेट ती. 'पी' लिहिताच त्या घटनेचे तरंग पडद्यावर उघडतात, आणि खरी परीक्षा तेथेच होते. प्रथम प्राथमिक तरंग येतो, मागून दुय्यम. दोहोंमधील सेकंदांना आठाने गुणले की जवळच्या भूकंपाचे अंतर अदमासे किलोमीटरांत मिळते. पाच सेकंदांचे अंतर असेल तर भूकंप चाळीसेक किलोमीटरांवर झाला.

खाणीतील सुरुंग मात्र फसवितो. तो दिवसाउजेडी उडतो, त्याची खोली जवळजवळ शून्य असते, त्याचा दुय्यम तरंग दुबळा असतो आणि पहिला हेलकावा बहुधा सर्वच केंद्रांवर वरच्या दिशेने दिसतो. अशी ओळ पुसू नये, स्फोट म्हणून तिच्यावर खूण करावी. धरणाच्या परिसरात सुरुंगांची गणती भूकंपांत झाली, तर भीती वाढते आणि अभ्यासही बिघडतो.

ओळींची संख्या पाहून पुष्कळांना ३ पेक्षा लहान धक्के गाळून टाकण्याचा मोह होतो. कोयनेच्या बाबतीत हा मोह महाग पडेल. जलाशयात पाणी साठू लागल्यावर, १९६२ पासून तेथे लहान धक्के जाणवू लागले. पाण्याच्या चढउताराशी त्यांचा संबंध आहे, हे अशा बारीक ओळींवरूनच उमगले. तीव्रतेच्या क्रमाने यादी लावणे मोठा धक्का हुडकण्यापुरते ठीक. तो सापडला की यादी पुन्हा काळाच्या क्रमाने लावावी आणि त्याच्या आगेमागेच्या ओळी एकेक उघडाव्यात. काम कंटाळवाणे आहे खरे. पण मोठ्या धक्क्यानंतरच्या पहिल्या तासांत तरंग एकमेकांवर असे चढलेले असतात की, यंत्राने ओळ एकच लिहिलेली असते आणि चित्रात भूकंप दोन दिसतात.