बोर्ड बदला, फॉरमॅट नको. पण चाव्या आधी गोळा करा

"बोर्ड बदलला की फॉरमॅट मारावाच लागतो." घरच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलायचं ठरलं की हे हमखास ऐकवलं जातं. अणशीच्या माझ्या मावसभावालाही तेच सांगितलं होतं. त्याचा सहाव्या पिढीचा आय-थ्री अजून नीट चालत होता. पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी व टीपीएम २.० हे सुरक्षा-मॉड्यूल लागतं. "दादा, पोरांचे फोटो, टॅली, मराठी टायपिंग, प्रिंटर, सगळं परत बसवायचं?" असं त्यानं विचारलं तेव्हा त्याची काळजी मला पटली. अणशीत रेंज पुरती भरवशाची नाही, आणि काही अडलं तर घाट उतरून कारवार नाहीतर जोयड्यावरून दांडेली गाठायची.

हा समज उगाच पसरलेला नाही. विंडोज एक्सपी बसतानाच त्या बोर्डाच्या जातीप्रमाणे स्वतःला बेतून घ्यायचा. विंडोज ७ सुरू होताना डिस्क-नियंत्रकाचा ठरावीक ड्रायव्हरच उचलायचा. नव्या बोर्डाचा नियंत्रक वेगळा निघाला की डिस्क सापडायची नाही आणि निळा पडदा यायचा. २०१२ च्या विंडोज ८ पासून हे बरंच सुधारलं. विंडोज १० किंवा ११ ची डिस्क नव्या बोर्डाला जोडली की पहिल्या खेपेला ते काही मिनिटं उपकरणं ओळखत बसतं, एकदोनदा रिस्टार्ट होतं आणि बहुतेक वेळा जुना डेस्कटॉप जसाच्या तसा उघडतं. इंटेलवरून एएमडीवर गेलात तरी हेच. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न आणखी सौम्य.

आता उलट टोकाचा गैरसमज: "मग नुसता स्क्रू काढायचा आणि बदलायचा." इथेच माणसं फसतात, आणि सगळ्यात वाईट फसतात ती बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनपाशी. डिस्कच्या कुलपाची चावी जुन्या बोर्डाच्या टीपीएमशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं; ती नसेल तर फोटो डिस्कवर असूनही हाती लागत नाहीत. "मी बिटलॉकर लावलंच नाही" या भरवशावर राहू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या अनेक यंत्रांत एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून तर नव्यानं बसवताना ते आणखी जास्त यंत्रांवर लागतं. सेटिंगमध्ये पाहा. प्रो आवृत्तीत बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा. होममध्ये एन्क्रिप्शन बंद करून पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. की मात्र दोन्ही वेळी कागदावर उतरवून ठेवा.

दुसरी अडचण बूटची. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय मानत असेल, तर विंडोज धड असूनही सुरू होणार नाही. विंडोज १० च्या २०१७ च्या आवृत्तीपासून सोबत येणारं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन डेटा न पुसता डिस्कची पद्धत बदलतं. एक अट अशी की प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नसावीत. बॅकअप त्याआधी घ्यायचा, नंतर नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल बोर्डांत बायोसमधलं व्हीएमडी चालू असलं तरी डिस्क दिसेनाशी होऊ शकते. ते बंद करून पाहावं.

"परवाना गेला की कॉम्प्युटर बंद पडतो" हेही खरं नाही. फाइली उघडतात, कामं होतात. फक्त ॲक्टिव्हेशनची आठवण येत राहते आणि वॉलपेपरसारख्या काही सेटिंग अडतात. रिटेल परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. ब्रँडेड यंत्रासोबत आलेला ओईएम परवाना त्याच यंत्राचा असतो, तो नव्या बोर्डावर मोजू नये. परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधी जोडला असेल तर नंतर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदलल्याचं सांगता येतं. टॅलीचा परवाना मात्र जुन्या यंत्रावर असतानाच सरेंडर करावा.

रॅमबद्दल थोडक्यात: डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. एएमडीचा एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेतो. इंटेलच्या एलजीए१७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, म्हणून खोक्यावरचं वाचून घ्या.

भावाच्या घरी बोर्ड बदलल्यावर पडद्यावर जुनाच डेस्कटॉप आला, फोटो आणि टॅली जागेवर होते, पण इंटरनेट नव्हतं. नव्या बोर्डांवरच्या २.५ गिगाबिट लॅन चिपचा ड्रायव्हर जुन्या विंडोजमध्ये अनेकदा नसतो, आणि तो उतरवायलाच इंटरनेट लागतं. हे ठाऊक असल्यामुळे लॅनचा, वाय-फायचा आणि चिपसेटचा ड्रायव्हर मी कारवारहूनच पेनड्राइव्हवर आणला होता. विंडोज ११ ची फाइलही त्यातच होती. आधी विंडोज १० वर सगळं चालतंय याची खात्री केली, मग आतूनच ११ वर चढवलं, प्रोग्रॅम ठेवून. पेनड्राइव्ह विसरलोच असतो तर अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू केलं असतं. त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. त्या दिवशी रेंज दोन काड्यांवर होती. तेवढ्यावर ॲक्टिव्हेशन झालं.