माई बोलत का नाही?
पडद्यावरचं गूढ : लेखांक 7

'असंभव'मधली सुलेखा मागच्या खेपेला संपली. या आठवड्यात 'देवमाणूस' घेतो म्हणालो होतो, ती मालिका आता पुढे ढकलतोय. कारण निपाणीहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय आणि ते काही डोक्यातून जाईना. बाई लिहितात, 'रात्रीस खेळ चाले'मधल्या माईंना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक असतं, मग त्या बोलत का नाहीत? की लेखकच त्यांना बोलू देत नाही?

हा प्रश्न आमच्या गल्लीत जुना आहे. 2016 च्या फेब्रुवारीत झी मराठीवर पहिलं पर्व सुरू झालं, तेव्हा काकतीत रात्री साडेदहाला शेजारच्या मामी आमच्याकडे येऊन बसायच्या. एकटीनं बघायचं भ्या वाटतं म्हणून. माई पडद्यावर आली की मामींचं ठरलेलं वाक्य यायचं, "तिला समदं म्हाईत हाय, खरं बोलत न्हाई बघा ती!" मध्येच करंट गेला, की उरलेला भाग मामी अंधारात स्वतःच पुरा करायच्या. त्यांच्या कथेत माई घडाघडा बोलायची, दोन पोरांच्या कानाखाली वाजवायची आणि मालिका त्याच रात्री संपायची.

खरी गोम इथेच आहे. माई बोलली तर मालिका संपते.

नाईकांचा वाडा आठवा. माईचे यजमान अण्णा सुरुवातीलाच मरतात, मुंबईकर घरी येतात, आणि मग वाटणी, लग्न, भास, मृत्यू असं एकेक सुरू होतं. आता या घरात कोणाला काय माहीत आहे याचा हिशोब मांडून बघा. माधव मुंबईहून आलेला, त्याला गावातलं फारसं ठाऊक नाही. दत्ता गावात राहून जमीन कसतो, पण त्याची नजर बांधापलीकडे जात नाही. अभिराम आपल्या लग्नाच्या गडबडीत. तिन्ही मुलांचं अज्ञान आपण निमूट मान्य करतो. त्यांना माहीत नाही म्हणजे ते निर्दोष. माईचं मात्र उलट. तिला माहीत आहे आणि ती गप्प आहे, म्हणून प्रेक्षक तिच्याकडे संशयाने बघतो. शकुंतला नरे यांनी ही भूमिका जवळजवळ डोळ्यांनीच केली. कोणी अण्णांचं नाव काढलं की पदर सावरायचा, नजर खाली घालायची आणि विषय जेवणावर न्यायचा. पुरुषांच्या चर्चा पडवीत, अंगणात, चारचौघांत. माईची जागा चुलीपाशी, नाहीतर दाराच्या चौकटीत. घरातलं प्रत्येक बोलणं तिच्या कानावर पडतं, आणि तिला मात्र कोणी काही विचारत नाही.

विचारणारी एकच आहे, नीलिमा. शिकलेली, भुताखेतांवर विश्वास न ठेवणारी, प्रमाण मराठी बोलणारी सून. रहस्यकथेत जो प्रश्न विचारतो तो नायक असतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडपासून ते शिवाजी साटमांच्या 'एक शून्य शून्य'पर्यंत ही जागा पुरुषाची. इथे ती एका बाईला मिळाली, म्हणून मी सुरुवातीला खूश होतो. पण नीलिमाने प्रश्न विचारला की वाड्यात तो उद्धटपणा ठरतो, आणि वाड्यातच कशाला, आमच्या गल्लीतही ठरला. तिचं म्हणणं बरोबर निघालं तरी मामींचा जीव दत्ताच्या बायकोवर, सरितावर. सरिता भांडकुदळ, लोभी, पण मालवणीत भांडते, म्हणून ती आपली. एक मात्र मला तेव्हाही खटकायचं. जमीन दत्तालाही हवी असते आणि सरितालाही. दत्ताचं ते कष्टाचं मोल ठरतं, सरिताची ती हाव ठरते.

आता पांडू. माईएवढंच किंवा काकणभर जास्तच जाणणारा घरातला दुसरा माणूस म्हणजे पांडू. तोही सांगत नाही. पण त्याच्या न सांगण्यावर लेखकाने काय सुंदर तोड काढली आहे! पांडू विसरतो. ऐन मोक्याला त्याला काही आठवत नाही, आपण हसतो आणि रहस्य शाबूत राहतं. मालिकेचे लेखक प्रल्हाद कुडतरकर स्वतःच पांडू झाले होते. ज्याला सगळी गुपितं ठाऊक, तोच कॅमेऱ्यापुढे येऊन विसरल्याचं सोंग करतो! एवढा खट्याळपणा मराठी मालिकेत क्वचित बघायला मिळतो. पण बाईंचा प्रश्न याच ठिकाणी टोकदार होतो. गड्याचं गप्प राहणं विनोदी आणि घरधनिणीचं गप्प राहणं भेसूर, हे कसं काय?

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल घ्या. 1930 साली तिची पहिली कादंबरी आली. पुढे बीबीसीच्या मालिकेत जोन हिक्सनने तिला घराघरांत नेलं. तीही म्हातारी, तीही खेड्यातली, विणकाम करता करता सगळ्या गावाची खबर ठेवणारी. तिलाही आधी कोणी मोजत नाही. पण शेवटी ती बोलते आणि इन्स्पेक्टरला खुर्ची ओढून ऐकावं लागतं. मार्पल बोलू शकते, कारण ती अविवाहित आहे. ती कोणाची बायको नाही, कोणाची आई नाही, आणि खुनी पकडला गेला तर तिच्या घराची एक वीटही हलत नाही. माईचं काय? तिने तोंड उघडलं तर नवऱ्याचं नाव जातं, पोरांच्या वाटण्या अडतात, ठरलेलं लग्न मोडतं. तिच्या नावावर काही नाही आणि घर मात्र तिच्याच गप्प राहण्यावर उभं आहे.

हे मला बेळगावच्या सबरजिस्ट्रार कचेरीत बसून जास्त कळतं. वडील गेले, उताऱ्यावर वारसांची नावं चढली, की भाऊ बहिणींना हक्कसोडीसाठी घेऊन येतात. बहिणी इस्त्रीच्या साड्या नेसून बाकावर ओळीने बसलेल्या. नाव पुकारलं की उठायचं, सही करायची, अंगठा टेकायचा, फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघायचं. त्यानंतर भावाकडून खानावळीत जेवण आणि साडी-चोळी. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा देणारा कायदा कर्नाटकात आणि महाराष्ट्रात 1994 मध्येच आला, देशभर 2005 मध्ये आला. त्या बाकावरच्या प्रत्येकीला हे ठाऊक असतं. एकदा एक धाकटी कागद पुरा वाचायला लागली, तर थोरलीने तिला कोपराने ढोसलं. माईची ती खाली घातलेली नजर मी तिथे कितीतरी चेहऱ्यांवर पाहिली आहे. नरेबाईंनी ती हवेतून आणलेली नाही.

म्हणून वाड्यात कोणी बाई हिस्सा मागायला आली, की रहस्यमालिका तिला हमखास संशयित करते. सुषमा, म्हणजे सुसल्या, अण्णांची मुलगी म्हणून दारात उभी राहते, तेव्हा पार्श्वसंगीत काय वाजतं ते आठवून बघा. वारस म्हणून एखादा मुलगा आला असता, तर हेच संगीत वाजलं असतं का? मला नाही वाटत.

काकतीत राहून हे लिहिताना एका बाईचं नाव टाळता येत नाही. कित्तूरची राणी चन्नम्मा 1778 साली इथल्याच देसाई घराण्यात जन्मली. तिच्या वाट्याचा तंटाही वाड्यातला आणि वारसाचाच. मुलगा गेला, दत्तक घेतलेला शिवलिंगप्पा कंपनीने मानला नाही, आणि 1824 च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या वेशीवर कलेक्टर थॅकरे मारला गेला. नवरा आठ वर्षांपूर्वीच वारलेला, विचारायला कोणी नाही, म्हणून तिला बोलता आलं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. अशा बाया आपल्याकडे ऐतिहासिक मालिकेत टाकतात. रहस्यमालिकेच्या वाड्यात त्यांना खोली मिळत नाही.

पहिल्या पर्वावर आक्षेप आले ते अंधश्रद्धेवरून आणि कोकणच्या बदनामीवरून. आंबोली उतरून वेंगुर्ल्याला निघालेली बेळगावची माणसं वाट वाकडी करून आकेरीचा तो मालिकेतला वाडा बघून यायची आणि याच दोन गोष्टींवर गाडीत वाद घालायची. माईचा विषय कोणी काढला नाही. मग 2019 च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं, आणि त्याने चक्क मागे जाऊन माई कशाबद्दल गप्प होती ते दाखवायला घेतलं. माधव अभ्यंकरांचे अण्णा, आणि अण्णांनी ठेवलेली शेवंता म्हणून अपूर्वा नेमळेकर. माईची बाजू आता तरी पुढे येईल, असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. खुनी, लंपट अण्णा लोकांचे लाडके झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर अण्णा-शेवंताचे विनोद फिरायला लागले, आणि माई पुन्हा चुलीपाशी. शेवंता तरी बोलते. हवं ते मागते, हसते, भांडते. आणि मरून भूत होते. बोलणाऱ्या बाईला या मालिकेने जिवंतपणी जागा दिली नाही.

पडद्यामागेही तराजू तोच दिसतो. तिसऱ्या पर्वातून अपूर्वा बाहेर पडली, तेव्हा वाढलेल्या वजनावरून आपली टर उडवली गेली, असं तिने जाहीर लिहिलं. मग शेवंता म्हणून कृतिका तुळसकर आली. अण्णांच्या पोटाबद्दल कोणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही.

तर निपाणीच्या बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'होय' असंच आहे. लेखक तिला बोलू देत नाही, कारण त्याला शेकड्यांनी भाग भरायचे असतात आणि गप्प बाईइतकं स्वस्त कुलूप दुसरं नाही. मात्र ते कुलूप त्याला घडवावं लागलं नाही, ते आपल्या घरांत तयारच होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही माझ्यापेक्षा बरं देऊ शकाल. पुढच्या पत्रात द्या, छापतो.

'देवमाणूस' पुढच्या आठवड्यात नक्की. वाई तालुक्यात 2016 मध्ये उघडकीला आलेल्या खून प्रकरणावरून ती मालिका सुचली, आणि त्या प्रकरणातल्या सहा बळींपैकी पाच बायका होत्या. जमलं तर तोवर जुने भाग काढून सरूआजीवर नजर ठेवा. माई बोलत नाही, आणि ही म्हातारी दिवसभर म्हणींचा पट्टा सोडते. तिचं घरात किती जण ऐकतात, ते मोजून ठेवा.